दोघांना होईल असा इनर

दिवाळीच्या फराळाच्या डब्याचा तळ दिसायला लागला की आमचा हंगाम सुरू होतो. लातुरात मैदानाच्या फाटकासमोर माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. आता ते सून बघते, मी सकाळी दोन तास जाऊन तिच्या कामात लुडबुड करतो. लोकांना वाटतं, मी आयुष्यभर बॅट-बॉल विकले. बॅटा उन्हाळ्याच्या सुट्टीत खपतात, ट्रॉफ्या गणपतीपासून शिवजयंतीपर्यंत. पण ज्यासाठी मी सगळ्यात जास्त घसा कोरडा केला, ती वस्तू वेगळीच आहे. थंडीत पळणाऱ्यानं अंगाला लागून घालायचा लांब बाह्यांचा सिंथेटिक शर्ट. कंपन्या त्याला बेस लेअर म्हणतात. आमच्याकडे तो ‘इनर’.

लातूरला थंडी पडते म्हटलं की बाहेरगावचा माणूस हसतो. त्याला आमचं ऊन आणि पाण्याचे टँकर तेवढे ठाऊक. त्यानं डिसेंबरात पहाटे मैदानावर येऊन उभं राहावं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी उजाडायच्या आत जमलेली असतात आणि प्रत्येकाच्या अंगावर घरच्यांची सगळी माया चढवलेली असते. बनियन, त्यावर सुती टी-शर्ट, त्यावर स्वेटर, डोक्याला कानटोपी. पहिल्या फेरीनंतर कानटोपी निघते, दुसऱ्या फेरीनंतर स्वेटर. मग घामानं चिंब झालेला सुती शर्ट वाऱ्याला लागतो आणि गडी कुडकुडायला लागतो. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं. थंडीत पळणाऱ्याला थंडी तेवढी छळत नाही, जेवढा त्याचा स्वतःचा ओला शर्ट छळतो.

सिंथेटिक कापड घाम पीत नाही. तो अंगावरून उचलून बाहेरच्या बाजूला पसरवतं आणि तिथून तो वाळतो. पण कापड कातडीला टेकलं तरच ते हे काम करतं. ढिलं असलं तर घाम आत तसाच ओघळत राहतो. म्हणून इनर घेताना किंमत आणि रंग मागाहून बघावा, आधी माप बघावं. घातल्यावर काखेत आणि पाठीवर चुण्या पडता कामा नयेत, हात वर केला तर पोट उघडं पडू नये, आणि दीर्घ श्वास घेतला तर छातीला अडू नये. शिवण चपटी हवी, नाहीतर काख सोलून निघते. आत लव असलेलं जाड कापड आपल्याकडे घेऊ नये, ते बर्फातल्या लोकांसाठी. आपल्याला पातळच पुरतं. पळायला सुरुवात करताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. सुरुवातीलाच छान ऊबदार वाटलं, तर समजा की जास्त घातलंय.

एवढं सगळं मी गिऱ्हाइकाला सांगायचो आणि गिऱ्हाईक शेवटी म्हणायचं, “जरा मोठा द्या. वाढत्या अंगाचा.” औशाचे एक पन्नाशीतले मास्तर मला हेच म्हणाले होते. मी विचारलं, “सर, आता कोणत्या बाजूनं वाढायचं राहिलंय?” ते रागावले नाहीत, पण मापही बदललं नाही. आणखी एक ठेकेदार होते. पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत पळणार म्हणून त्यांच्या घरच्यांनी नव्या इनरच्या गळ्याला हळदकुंकू लावलं, देवापुढे ठेवला आणि लाँड्रीत देऊन कडक इस्त्री करून आणला. स्पर्धा झाल्यावर ते तो दाखवायला आले. पाठीवर इस्त्रीचा त्रिकोण वितळून पारदर्शक झाला होता. “हवा लई चांगली लागली बघा,” म्हणाले, आणि दुसरा घेऊन गेले. पोरींच्या आया मात्र बाह्या बघून लगेच हो म्हणायच्या. पळाली तरी हात काळे पडणार नाहीत, सोयरीक अडणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब. घट्टपणाची अडचण निघाली की मी सांगायचो, “मावशी, हा आतलाच कपडा आहे, वरून ढगळ टी-शर्ट घालायचा.” मग मावशींचं समाधान व्हायचं. कितीतरी पोरींचं पळणं त्या लांब बाह्यांनी वाचवलं आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण इनर म्हटलं की मला त्या पोरी आधी आठवत नाहीत. सिद्रामप्पा आठवतात.

सिद्रामप्पा जळकोटचे, किराणा-भुसारचे जुने व्यापारी. आमच्याच समाजातले, कपाळाला विभूती लावल्याशिवाय दुकानाचं कुलूप न काढणारे. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही. काही हिवाळ्यांपूर्वी ते दुकानात आले तेव्हा बरोबर दोन जवान पोरं होती. एक त्यांचा मुलगा महेश आणि दुसरा पुतण्या नागनाथ. अप्पांचा धाकटा भाऊ, म्हणजे नागनाथचे वडील, नागनाथ रांगत होता तेव्हाच वारले. भावजय आणि लेकरू अप्पांनी आपल्याच घरात सांभाळलं. दोन्ही पोरं एका वयाची, एका वर्गात शिकलेली. आता लातुरात एक खोली घेऊन भरतीची तयारी करत होती. महेश रुंद खांद्याचा आणि भरल्या छातीचा होता. नागनाथ उंच आणि काटकुळा.

“अण्णा,” अप्पा मला म्हणाले, “ते इनर का काय, पोरं लई दिवसापासून म्हणून राहिलेत. एक दाखवा.”

“एकच?”

“एक नेऊन बघतो की. गुण आला तर दुसरा नेऊ. दोघांना होईल असा दाखवा.”

ऐपतीचा प्रश्न नव्हता. व्यापारी माणूस नव्या मालाचा आधी एक नग नेतो आणि चालतो का बघतो. शिवाय आमच्या भागात एका वयाचे दोघे घरात असले की चांगला कपडा एकच असतो. ज्याची मुलाखत असेल, ज्याला मुलगी बघायला जायचं असेल, तो त्या दिवशी तो घालतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मी शर्ट काढला, झाकणभर पाणी त्यावर ओतून ते कसं पसरतं आणि वाळतं ते दाखवलं. अप्पांनी दोन बोटांत कापड चोळून बघितलं, धान्य बघतात तसं.

“चांगलं हाय. मधल्या मापाचा द्या, दोघांत चालंल.”

“अप्पा, मधलं माप दोघांनाही चालणार नाही,” मी म्हणालो. “नागनाथला ढिला होईल, मग तो साधा शर्टच झाला. महेशला छातीत अडकेल. घ्यायचा तर कुणातरी एकाच्या मापाचा घ्या.”

मी कापडाबद्दल बोलत होतो. पण ते वाक्य तोंडातून गेलं आणि कापड चोळणारी अप्पांची बोटं थांबली. मला वाटलं, माझं काही चुकलं का.

अप्पांनी पोरांकडे बघितलं नाही. काचेच्या कपाटात कॅरमच्या सोंगट्या होत्या, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, “नागनाथच्या मापाचा द्या.”

महेश लगेच म्हणाला, “हाव, त्यालाच द्या.” तो इतक्या सहज म्हणाला की त्याला या उत्तराची किती सवय आहे ते मला कळलं. नागनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. घालून बघ म्हटलं तर तो पडद्यामागे जायला तयार होईना. महेशनंच त्याला ढकललं.

जळकोटला माझी सासुरवाडी, त्यामुळे अप्पांची ही बाजू मला ऐकून माहीत होती. बिनबापाचं लेकरू घरात असलं की गाव ताटाकडे बघतं. कुणाच्या भाकरीवर तूप पडलं, कुणाचा गणवेश नवा आणि कुणाचा उतरलेला, हे शेजारणी मोजतात. अप्पांनी गावाला बोलायला जागाच ठेवली नाही. सायकल आधी नागनाथला, घड्याळ आधी नागनाथला, जत्रेतला नवा शर्ट आधी नागनाथला. महेशला पुढच्या वर्षी, किंवा नागनाथचं जुनं झालं की. बाजारात अप्पांचं नाव निघालं की लोक हेच सांगत: भावाच्या लेकराला पोटच्या पोराच्या आधी धरलं. मीही हे चार ठिकाणी कौतुकानं सांगितलं होतं. ते कौतुक रोज कुणाच्या वाटणीतून जात होतं, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

मी तेव्हा रोज पहाटे मैदानावर चालायला जायचो. दुसऱ्याच दिवशी बघतो तर नागनाथच्या मापाचा तो इनर महेशच्या अंगावर. छातीवर इतका ताणलेला की धागे दिसत होते, बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या. नागनाथ सुती शर्टात. त्याच्या पुढच्या दिवशी नागनाथच्या अंगावर इनर, आणि चेहरा चोरी केल्यासारखा. मग आठवडाभर दोघंही सुती शर्टात पळताना दिसले. मी महेशला हटकलं.

“इनर कुठंय?”

“खोलीवर हाय, दोरीवर.”

“घालत का नाही कुणी?”

“त्यो म्हणतो तू घाल, मी म्हणतो तू घाल. मग कुणीच न्हाई.” तो हसला.

मी त्याला दुकानात यायला सांगितलं. त्याच्या मापाचा एक काढून समोर ठेवला आणि म्हणालो, अप्पांचं मी बघतो, तू घेऊन जा. त्यानं तो उचलून बघितला. खांद्याला लावला, आणि नीट घडी घालून परत ठेवला.

“शर्टाचं न्हाई वो, काका. असले मी पन घेऊ शकतो, शिकवण्या घेतो मी पोरांच्या. मला वाटतंय, अप्पांनी एकदा तरी माझं माप आधी सांगावं. एकदाच. मग पुन्हा सगळं नागनाथला देऊ देत.”

“अप्पांना म्हणालास का कधी?”

“कसं म्हणावं? नागनाथ बाजूलाच असतो की. त्याला काय वाटंल?”

पोरगा रागात असता तर समजूत काढता आली असती. त्याला राग नव्हताच, एवढंच एक हवं होतं, आणि ते मला दुकानातून देता येण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांनी नागनाथ एकटा आला. त्याला तो इनर बदलून महेशच्या मापाचा हवा होता. म्हणाला, “काका, हा घ्या आन् मह्याला बसंल असा द्या. अप्पाला सांगू नका.” मी म्हणालो, पण अप्पांनी तुला दिलाय ना, हौसेनं. त्यानं शर्ट काउंटरवर माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, “मला काय बी दिलं की गावाला दिसावं म्हणून देतेत. मह्याला काय दिलं तर ते घरातल्या घरात ऱ्हातं. मला बी एकदा घरातल्या घरात काहीतरी मिळावं वाटतंय.”

मी शर्ट बदलून दिला. संध्याकाळी महेश तो परत घेऊन आला आणि नागनाथचं माप घेऊन गेला. माझ्या काउंटरवर त्या दोघांचा जीव असा मागंपुढं होत होता आणि तिकडे जळकोटला अप्पा मनाशी म्हणत असतील, घरात सगळं सरळ आहे.

दोघांनी अर्ज नांदेडला भरले होते. मैदानी चाचणीच्या दिवशी अप्पा स्वतः एसटीनं त्यांच्याबरोबर गेले. मी तिथं नव्हतो. हे मला पुढे नागनाथनंच सांगितलं. अप्पा समोर म्हटल्यावर नागनाथला इनर घालावाच लागला. महेश सुती शर्टात. पहाटे पोरांनी अंग गरम करायला फेऱ्या मारल्या, घाम आला, आणि मग छातीवरचे नंबर वाटण्यात यांची तुकडी मागं पडली. उघड्यावर रांगेत बसून राहायचं, गोदावरीकडून वारा, अंगावर ओला शर्ट. महेशचे दातावर दात आपटत होते. नागनाथ त्याला म्हणत होता, आडोशाला चल, शर्ट बदलू. महेश म्हणाला, अप्पा बघून राहिलेत, बस गप.

लातूरच्या मैदानावर महेश रोज नागनाथच्या पुढे असायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्या दिवशी शेवटच्या फेरीत त्याच्या पोटरीत गोळा आला. तो पळत आला, पण वेळेत आला नाही. नागनाथ आला.

एका शर्टामुळे कुणी नापास होत नाही, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. पोटरी इनर घालूनही धरते. भरती पुन्हा निघते, पोरं पुन्हा पळतात. पण हळहळ वाटायची ती थांबत नाही. ओल्या सुती कपड्यात थंडीत बसून राहिलं की पुढे स्नायूंचं काय होतं, हे मी आयुष्यभर लोकांना समजावत आलो, आणि माझ्या सगळ्यात आवडत्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत तेच झालं.

महेशनं पुन्हा अर्ज भरला नाही. नागनाथची निवड झाली तेव्हा गावभर महेशच पेढे वाटत फिरत होता. नंतर तो हैदराबादला गेला, कुठल्याशा गोदामात नोकरीला लागला. सणाला यायचा, मग एखाद्या सणाला येईनासा झाला. भांडण नाही, काही नाही. फोन केला तर नीट बोलायचा. नागनाथ नांदेडकडे पोलिसात आहे. लातूरला आला की गणवेशात दुकानात येतो, सून त्याला चहा देते. मी महेशचं विचारलं की तो बूट बघत बसतो.

गेल्या थंडीत अप्पा एकटेच आले. बऱ्यापैकी थकलेले वाटले. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

“अण्णा, मह्याला एक इनर द्या. पार्सलनं धाडतो.”

मला फार बरं वाटलं. मी कपाटाकडे वळलो आणि सवयीनं विचारलं, “माप?”

“तेच की…” त्यांनी दोन्ही हात पुढे केले, खांद्याची रुंदी दाखवावी तसे. मग ते थोडे आत घेतले. पुन्हा बाहेर नेले. “नागनाथला बारकं लागतं. त्याचा बूट आठचा, प्यांट अठ्ठावीसची. मह्याचं…”

ते थांबले. हात तसेच हवेत राहिले. नागनाथचं त्यांना सगळं पाठ होतं. इतकी वर्षं प्रत्येक दुकानात तेच तर सांगितलं होतं.

महेशचं माप मला माहीत होतं. एकदा बघितलेला माणूस मी मापानिशी लक्षात ठेवतो, तेवढं या धंद्यानं शिकवलंय. पण मी सांगितलं नाही. म्हणालो, “अप्पा, फोन लावून त्यालाच विचारा.”

त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला असतो. त्यामुळे पलीकडचं मला सगळं ऐकू आलं. गोदामातला ट्रॉल्यांचा खडखडाट, मग महेशचा आवाज.

“हां अप्पा. काय झालं? तब्येत बरी हाय ना?”

“बरी हाय. मी लातुरात हाय, अण्णांच्या दुकानात. मह्या, तुझं माप काय रे? त्या इनरचं?”

पलीकडे खडखडाट चालूच होता.

“आता कशाला, अप्पा? मी आता पळत न्हाई. कवाच सोडलं.”

अप्पांनी खुर्चीची पाठ धरली. “पळू नको,” म्हणाले. “पन माप तर सांग.”

“राहू द्या ना, अप्पा.”

“सांग की रे, बाबा.”

“एल,” महेश म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “अप्पा, ठेवतो, मालक बोलवून राहिलेत.”

मी एल काढून दिला. अप्पांनी तो पिशवीत घालू दिला नाही. उलगडला, दोन्ही खांद्यांना धरून स्वतःच्या छातीला लावला आणि आरशासमोर जाऊन उभे राहिले. बाह्या त्यांच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. ते कितीतरी वेळ बघत होते.

“एवढा मोठा हाय का त्यो?” त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणालो आणि पार्सलसाठी खोकं शोधायला खाली वाकलो.